घास अडतो तेव्हा

म्हैसूरच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात पाहुणा म्हणून जेवावयास बसलात, तर पानात नाचणीचा मुद्दे पडतो. तो आपल्या भाकरीसारखा चावावयाचा नसतो. बोटांनी लहानसा गोळा तोडावा, सारात बुडवावा आणि दातांना न लावता सरळ गिळावा, अशी तिकडची रीत. नवख्याला ते साधत नाही आणि यजमानांची तेवढीच करमणूक होते. गिळणे ही केवढी कारागिरी आहे, याचा विचार मात्र त्या पंक्तीत प्रथम मनात येतो.

घशाखाली उतरलेला घास आपल्या वजनाने पोटात पडतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः डोके खाली आणि पाय वर करूनही मनुष्य गिळू शकतो. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास आत येताच तिच्या भिंतीतून आकुंचनाची एक लाट वरून खाली सरकते आणि काही सेकंदांत घास जठराच्या दाराशी येऊन पोहोचतो. ते दार एरवी घट्ट मिटलेले असते. नाही तर जठरातील आम्ल सारखे वर येईल. गिळताच ते सैल पडते, आणि तशी आज्ञा नळीच्या भिंतीतच वसलेल्या मज्जापेशी देतात.

या पेशी नष्ट होऊ लागल्या, की दार उघडत नाही आणि वरची लाटही विसकटते. या विकारास अकॅलेशिया म्हणतात. नाव ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ 'सैल न पडणे' एवढाच. वर्षाकाठी लाखात एखाद्यालाच तो जडतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशींवर उलटत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

विकार विरळा, म्हणूनच फसवा. छातीत जळजळ होते, खाल्लेले वर येते. तेव्हा रोगी आणि वैद्य दोघेही आम्लपित्त समजून चालतात. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ दोन वर्षे आम्लपित्ताच्याच गोळ्या घेत होते. मधल्या सुट्टीत ते आमच्याबरोबर डबा खाईनासे झाले. आम्हांस वाटले, काही व्रत असेल. वस्तुतः प्रत्येक घासामागे पेलाभर पाणी प्यावे, छाती ताणून बसावे, आणि तरीही घास परत यावा, याची त्यांना लाज वाटत होती. रात्री आडवे होताच ठसका लागे. वजन चौदा किलोंनी उतरले, तेव्हा कोठे घरच्यांनी त्यांस हाताला धरून तज्ज्ञाकडे नेले. वर येणारे अन्न आंबट नसते, ते जठरापर्यंत गेलेलेच नसते, ही खूण त्यांना कोणी विचारली नव्हती आणि त्यांनीही सांगितली नव्हती.

प्रथम पाहावयाचे ते हे, की अडते कोठे. घास घशातच अडत असेल, गिळतानाच ठसका लागत असेल, पाणी नाकावाटे येत असेल, तर दोष तोंडाचा व घशाचा. पक्षाघातानंतर असे पुष्कळदा घडते. त्याचे उपचार निराळे. ज्या म्हैसुरात प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली 'आकाशवाणी' या नावाचे खाजगी केंद्र चालू केले, त्याच शहरात १९६५ साली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. वाचेप्रमाणेच गिळण्याच्या अशा अडचणींकडेही तेथे लक्ष पुरविले जाते, कारण बोलणे आणि गिळणे यांची वाट घशापर्यंत एकच. घास छातीशी अडत असेल, तर मात्र पोटविकारतज्ज्ञ गाठावा.

तो विचारील, आधी काय अडू लागले? प्रथम भाकरी, मग भात, आणि थोड्याच महिन्यांत पेजही, असा क्रम असेल तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. अकॅलेशियात घन आणि पातळ दोन्ही बहुधा प्रारंभापासूनच अडतात. तथापि नुसत्या क्रमावर विसंबून चालत नाही. दुर्बिणीने आतून तपासणी करून कर्करोग नाही याची खात्री करणे ही पहिली पायरी. मग बेरियमचे पांढरे द्रव्य पाजून क्ष-किरणांची चित्रे घेतात. वर फुगलेली नळी खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. शेवटचा निर्णय नाकावाटे बारीक नळी घालून आतील दाब मोजल्यावर होतो. ही तपासणी सुखाची नाही, पण ती टाळू नये.

उपचारांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून एका रोग्याचा अन्नमार्ग रोज मोकळा करावयास लावला, आणि तो रोगी पुढे कित्येक वर्षे जगला! १९१३ साली जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी दाराचे स्नायू बाहेरून छेदण्याची शस्त्रक्रिया केली. आज ती पोटावर लहान छिद्रे पाडून होते. फुगा फुगवून दार ताणण्याची रीतही आहे. तीत नळी फाटण्याचा थोडा धोका असतो. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच स्नायू छेदण्यास आरंभ केला, आणि भारतातील मोठ्या रुग्णालयांतही ती पद्धत आता रुळली आहे. अशक्त वृद्धांना स्नायू सैल करणारे इंजेक्शन देतात. त्याचा गुण काही महिनेच टिकतो.

मेलेल्या पेशी यांपैकी कशानेही परत येत नाहीत. केवळ दार मोकळे होते. मोकळ्या दारातून आम्ल वर येऊ लागते, त्यासाठी पुढे औषध घ्यावे लागते. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, उशाकडची बाजू उंच ठेवावी. काहींना वर्षांनी पुन्हा दार ताणून घ्यावे लागते, आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव अशा रोग्यांत थोडा अधिक असल्यामुळे, बरे वाटू लागले तरी तज्ज्ञाकडची खेप चुकवू नये.