जोत्यावरच दिसायला हवं

अनधिकृत बांधकामांच्या शोधात वसई-विरारच्या पूर्वेकडच्या पट्ट्याच्या उपग्रह प्रतिमा तारखेनुसार एकावर एक ठेवून बघताना मी आधी इमारती शोधत नाही, माती शोधते. पडीक शेतात कच्चा रस्ता उमटतो, कारण डंपर यायला लागलेले असतात. पुढच्या प्रतिमेत भरणीचा पांढुरका चौकोन दिसतो. त्यानंतर ओळीत ठिपके आणि प्रत्येकाला चिकटलेली बारीक सावली: कॉलम उभे राहिले. स्लॅब पडला की हे सगळं एका सपाट करड्या पृष्ठभागाखाली जातं आणि नंतर किती मजले चढले ते नुसतं वरून पाहून कळत नाही.

दोन तारखांमधला फरक संगणक झटकन काढून देतो. पण त्याला फरक तेवढा कळतो, कारण कळत नाही. जूनच्या तोंडावर निम्म्या शहरावर निळी ताडपत्री चढते आणि पडदा खुणांनी भरून जातो. गणपतीचे मांडव, तोडलेलं झाड, उभ्या राहिलेल्या बसगाड्या, सगळं त्याला नवं बांधकाम वाटतं. त्या खुणा एकेक करून माणसालाच गाळाव्या लागतात. पावसाळ्यात तर ढगांमुळे साध्या प्रतिमा महिनोन्‌महिने मिळत नाहीत. ढगांतून पार बघणारं रडार तेव्हा उपयोगी पडतं, पण दाट वस्तीत त्याची प्रतिमा वाचणं फार किचकट.

वाढवलेला मजला ओळखायचा तर सावली मोजावी लागते. डिसेंबरात सकाळी साडेदहाच्या सुमारास मुंबई परिसरात सूर्य क्षितिजापासून साधारण 38 अंश वर असतो. 3 मीटरचा एक मजला चढला की सपाट जमिनीवरची सावली पावणेचार मीटरहून जराशी जास्त लांबते. मे महिन्यात त्याच वेळी सूर्य 60 अंशांच्या वर गेलेला असतो आणि तोच मजला जेमतेम पावणेदोन मीटर सावली टाकतो. म्हणून मी हिवाळ्यातल्या प्रतिमा जपून ठेवते. 2019 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-3 उपग्रहाची कृष्णधवल प्रतिमा 25 सेंटिमीटरपर्यंतचा तपशील देते, म्हणजे डिसेंबरातली ही वाढ पंधराएक पिक्सेलांची. तेवढ्यात मजला पकडता येतो. मात्र भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत सावली शेजारच्या गच्चीवर चढते, तिथे हे गणित चालत नाही.

आणि बांधकाम दिसलं म्हणजे ते अनधिकृत ठरलं असं नाही. त्यावर सर्व्हे नंबरांचा नकाशा, विकास आराखडा आणि बांधकाम परवानग्यांची यादी बसवावी लागते. जुना गावनकाशा प्रतिमेवर क्वचितच नेमका बसतो. तो काही मीटर सरकला की एकाचं बांधकाम दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर दिसतं. म्हणून जागेवर जाऊन केलेल्या पंचनाम्याला पर्याय नाही.

तरीही या कामाचा जीव मला तारखेत दिसतो. 4 एप्रिल 2013 ला शीळफाट्याजवळची लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळून 74 माणसं गेली. ती इमारत काही महिन्यांत उभी राहिली होती. आठव्या मजल्याचं काम चालू असताना खाली कुटुंबं राहायला आली होती. युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह तेव्हा नव्हता. आज तो साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि त्याच्या प्रतिमा फुकट मिळतात. 10 मीटरच्या तपशिलात कॉलम दिसत नाहीत, पण साफ केलेलं शेत आणि मोठी भरणी दिसते, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. नालासोपाऱ्यात 2025 च्या सुरुवातीला न्यायालयाच्या आदेशावरून 41 अनधिकृत इमारती पाडून झाल्या. ती जागा विकास आराखड्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेली होती. बांधणारे पैसे घेऊन गेले, रस्त्यावर आले ते घर विकत घेतलेले लोक. जोत्यावर कारवाई झाली असती तर नुकसान बांधणाऱ्याचं झालं असतं.

त्यामुळे पालिकांनी प्रत्येक खुणेसमोर दोन तारखा नोंदवायला हव्यात: प्रतिमेत ती पहिल्यांदा कधी दिसली आणि माणूस जागेवर कधी पोचला. सर्व्हे नंबरनिहाय ती यादी प्रभाग कार्यालयाबाहेर मराठीत आणि हिंदीत लावली, तर घर बघायला आलेल्या माणसाला टोकनचे पैसे देण्याआधी ती वाचता येईल.