परसातील बिंबली आणि तिचा रस

गोव्यातील पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या परसात बिंबलीचे एखादे झाड असते. मूळचे हे झाड आग्नेय आशियातले. करमल हे त्याचे सख्खे भावंड. सुंगटांच्या कढीला सोले नसली तरी चार बिंबल्या चिरून टाकल्या की काम भागते. बांगड्याला तर आम्हांला तिचीच आंबटाण अधिक रुचते.

परंतु बिंबलीचा कच्चा रस रोज अनशापोटी प्याल्यास कोलेस्टेरॉल उतरते, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये. केरळमधील पाच इस्पितळांतील दहा रोग्यांची हकीकत २०१३ साली मूत्रपिंडतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हे सर्व जण बिंबलीचा रस प्याले होते आणि सर्वांची मूत्रपिंडे एकाएकी काम देईनाशी झाली. सात जणांना डायलिसिस करावे लागले.

असे का होते? बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल फार असते. रक्तात गेल्यावर ते कॅल्शियमशी मिळून त्याचे बारीक खडे बनतात आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत अडकतात. पोट रिकामे असले, शेतात घाम गाळून अंगातले पाणी कमी झालेले असले, म्हणजे धोका अधिक. रस घेतल्यावर लघवी कमी झाली, ओकाऱ्या किंवा उचक्या लागल्या, कुशीत दुखू लागले, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरकडे जावे व रस घेतल्याचे आपण होऊन सांगावे. ज्यांची मूत्रपिंडे आधीच अधू आहेत त्यांनी बिंबली आणि करमल दोन्ही वर्ज्य करावीत. करमलाने अशा रोग्यांना भ्रम होतो, झटकेही येतात.

मग कढीचे काय? कढीतल्या चार बिंबल्या घरभर वाटल्या जातात आणि भाताबरोबर पोटात जातात. पेलाभर रसाला मात्र कितीतरी फळे पिळावी लागतात. निरोगी माणसाने कढी सोडण्याचे कारण नाही. फक्त ती ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात करू नये. मातीची कुंडली उत्तम.

फळे तोडल्यावर दोन-तीन दिवसांत नासतात, म्हणून उन्हाळ्यात ती सुकवून ठेवावीत. उभी चिरून मीठ लावावे, सुटलेले पाणी काढून टाकावे (पितळेची भांडी घासायला ते छान!) आणि कडकडीत उन्हात चांगली वाळेपर्यंत ठेवून बरणीत भरावीत. पावसाळ्यात सुक्या मासळीला ही उपयोगी पडतात.

नवे झाड बियांपासून होते. त्याला भरपूर ऊन हवे, बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. फुले-फळे जुन्या लाकडावर, थेट खोडावरसुद्धा येतात, तेव्हा छाटणी बेताचीच करावी. फांद्या ठिसूळ असतात. मुलांना झाडावर चढवू नये, खालून आकडीने फळे काढावीत.