बाटलीची जन्मतारीख

अमेरिकेत जुन्या बाटल्यांच्या मागे लागलेली मंडळी आधी संडास शोधतात. घर केव्हाच पडलेलं असतं, पायाचे चार दगड उरलेले असतात आणि मागच्या अंगणात, जमीन जराशी खचलेली दिसते तिथे, एकोणिसाव्या शतकातला संडासाचा खड्डा बुजलेला असतो. कचरा उचलायला तेव्हा कुणी दारात येत नसे. फुटकी बशी, संपलेलं औषध, घरच्यांपासून लपवून रिचवलेली दारू, सगळं त्याच खड्ड्यात जायचं. गाळ मऊ असल्यामुळे बाटली पडली तरी सहसा फुटत नसे. दीडशे वर्षांत बाकीच्या घाणीची काळी, भुसभुशीत, वास नसलेली माती होते. काच मात्र तशीच राहते.

अशी बाटली हातात आली की नजर पहिली जाते अक्षरांकडे, आणि तिथेच फसगत होते. फळं-भाज्या टिकवण्यासाठी अमेरिकेत घरोघरी वापरल्या जाणाऱ्या आट्यांच्या झाकणाच्या बरण्यांवर ‘३० नोव्हेंबर १८५८’ अशी तारीख ठसठशीत उठवलेली असते. जॉन लँडिस मेसन याला पेटंट मिळालं तो हा दिवस. बरण्या मात्र हीच तारीख मिरवत विसावं शतक उजाडल्यावरही निघत राहिल्या. खपणारं नाव कोण बदलणार? उलट काही अक्षरं फार प्रामाणिक असतात. दारूबंदी उठल्यावर, १९३५ ते १९६४ या काळात, अमेरिकेतल्या दारूच्या बाटलीवर ‘ही बाटली पुन्हा विकण्यास वा वापरण्यास कायद्याने मनाई आहे’ अशा अर्थाचं वाक्य काचेतच उठवावं लागे. ते दिसलं की वाद जवळजवळ मिटतो.

पण बहुतेक बाटल्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. खरी मजा तिथून सुरू होते, कारण बाटली कशी घडली ते तिच्या अंगावर राहिलेलंच असतं. बाटली उलटी करा आणि बुडावरून बोट फिरवा. फुंकून झालेली बाटली फुंकणीपासून तोडल्यावर तिचं तोंड घडवायचं असे. पण तापलेली काच धरायची कुठे? कारागीर लोखंडी दांड्याच्या टोकाला वितळलेल्या काचेचा ठिपका घेऊन तो बुडाला चिकटवायचा आणि तोंड झालं की दांडा झटक्याने तोडायचा. मागे खरखरीत व्रण राही. कधी नुसता तापवलेला दांडाच चिकटवत. मग बुडाला लालसर-काळा डाग उरे. १८५० च्या आसपास बाटली कमरेतून धरणारी चिमटावजा पकड आली आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सुमाराला हे व्रण दिसेनासे झाले. बोटाला टोचणारी ती जागा म्हणजे एका माणसाच्या मनगटाचा झटका आहे. मला तर कोरलेल्या सनापेक्षा ती जास्त खरी वाटते.

बुडानंतर पाहायची ती साच्याची रेघ. दोन भागांचा साचा मिटतो तिथे काचेवर बारीक उभी कंगोरी उठते. रेघ जितकी उंच चढली तितकी बाटली नवी, असं संग्राहकांच्या जुन्या पुस्तकांत सांगितलेलं असे. हे पक्कं समजू नका. रेघ खांद्यावर थांबली की मानेवर, यावरून दशक ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की ती तोंडाच्या काठावरून पार गेली आहे का. हाताने घडवलेल्या तोंडाशी ती पुसली जाते. यंत्राच्या बाटलीत तोंडही साच्यातच होतं, म्हणून रेघ काठ ओलांडते.

हे यंत्र उभं केलं मायकेल ओवेन्स याने, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात, १९०३ च्या सुमारास. खाणकामगाराचा हा मुलगा दहाव्या वर्षी काचेच्या कारखान्यात कामाला लागला होता. त्याचं यंत्र वितळलेल्या काचेचा घोट नळीने सरबत ओढावं तसा साच्यात ओढून घेई आणि खालून सुरीने कापून टाकी. त्या कापाचं वेडंवाकडं, जरा बाजूला सरकलेलं वर्तुळ बुडावर उमटतं. ते दिसलं की बाटली विसाव्या शतकातली, हे नक्की. भट्टीपासून बाटल्या पळवत नेणारी पोरं कारखान्यांतून हळूहळू नाहीशी झाली त्यालाही ओवेन्सच्या यंत्राचा हातभार लागला.

आणि रेघच नसेल तर? बाटली फार जुनी, असं मन लगेच म्हणतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला साच्याला आतून लेप देऊन तो ओला करत आणि बाटली आतल्या आत गोल फिरवत. वाफेच्या पातळ थरावर फिरताना उभी रेघ पुसली जाई आणि अंगावर अगदी बारीक आडवी वलयं उरत. वाइनच्या कितीतरी बाटल्या अशा आहेत.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण रंगावरून सन काढणारे हमखास तोंडघशी पडतात. वाळूतल्या लोखंडामुळे साधी काच हिरवट-निळसर होते, सगळ्याच काळात. एक रंग मात्र बोलका आहे. काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात पडली की जांभळी होते! मँगनीजचा हा वापर साधारण १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जोरात होता. आता मात्र काही विक्रेते किरणोत्सर्गाचा मारा करून साध्या बाटल्याही गर्द जांभळ्या करतात. रंग जितका भडक, तितका संशय घ्यावा.

हे सगळे अंदाज ताडून कसे पाहायचे? त्यासाठी एक अपघात कामी आला. १ एप्रिल १८६५ रोजी माँटानाच्या खाणवस्त्यांकडे निघालेली ‘बर्ट्रंड’ नावाची आगबोट मिसूरी नदीत बुडाली. नदीने पात्र बदललं, बोट चिखलात गाडली गेली आणि १९६८ मध्ये सापडली. आत लोणच्याच्या बाटल्या, ब्रँडीत मुरवलेली फळं, औषध म्हणून विकली जाणारी ‘बिटर्स’ नावाची कडवट दारू! त्या वसंतात बाजारात कुठल्या घडणीची काच होती, याचा तारीखवार पुरावाच हाती आला. खड्ड्याला अशी तारीख नसते. तिथे नियम सोपा आहे: सगळ्यांत नवी बाटली ज्या काळातली, त्यानंतरच खड्डा बुजला. आजीने जपलेली जुनी बाटली नातवाच्या काळातल्या कचऱ्यातही जाऊ शकते.

आपल्याकडचा गोटी सोडा याच कुळातला. लंडनच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली. आतल्या वायूच्या दाबानेच गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते, बूच लागतच नाही. इंग्लंडमध्ये ती संग्रहात गेली, भारतात अजून बनते. म्हणून नुसत्या आकारावरून तिला जुनी म्हणू नये. काच आपल्याकडेही घडत होती: स्वदेशी उद्योगांसाठी लोकांकडून वर्गणी जमवणाऱ्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावला १९०८ मध्ये निघाला, पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा. तेव्हा जुना वाडा पाडताना निघालेली बाटली भंगारवाल्याला देण्याआधी उलटी करून पाहा. कुठल्या थरात, कशासोबत सापडली ते लिहून ठेवा, मगच धुवा. आणि आत द्रव उरला असेल तर बूच काढू नका. त्या काळच्या औषधांत पारा आणि सोमल सर्रास असायचे.