कार्बोरेटरला हात शेवटी

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला ॲल्युमिनियमचे दोन घुमट दिसतात. ही एसयू कार्बोरेटरची जोडी. गाडी नीट चालेनाशी झाली की पहिला संशय यांच्यावर जातो, कारण ते समोर असतात आणि त्यांचे स्क्रू फिरवणं सोपं असतं. जाणता मेकॅनिक मात्र त्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. पादत्राणांच्या धंद्यातल्या इंग्रज घराण्यातले दोन स्किनर बंधू विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रचनेच्या मागे लागले. १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, १९२६ मध्ये मोटार कारखानदार विल्यम मॉरिस यांनी ती विकत घेतली. सुरुवातीच्या कार्बोरेटरांत चक्क चामड्याचा भाता होता. पुढे त्या जागी धातूचा पिस्टन आला, पण मूळ कल्पना बदलली नाही.

कल्पना अशी, की हवेची वाट इंजिनाच्या गरजेप्रमाणे आपोआप लहानमोठी व्हावी. ॲक्सिलरेटर दाबला की घुमटातली हवा ओढली जाते आणि पिस्टन वर सरकतो. हवा जास्त येते, वाटही तेवढीच रुंदावते. त्यामुळे जेटवरून, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक नळीवरून, वाहणाऱ्या हवेचा वेग जवळपास सारखा राहतो. पिस्टनच्या तळाला निमुळती नीडल असते. ती जेटमधून जसजशी वर येते, तसतशी पेट्रोलची वाट मोकळी होते. कोणत्या इंजिनाला कधी किती पेट्रोल, हा सगळा हिशेब त्या नीडलच्या निमुळतेपणात असतो. घुमटाच्या मधल्या नळीत थोडं पातळ ऑइल असतं. एकदम रेस दिली तर पिस्टन उडी मारू पाहतो. ऑइल त्याला क्षणभर रोखतं आणि तेवढ्यापुरतं हवा-पेट्रोलचं मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होतं. हे ऑइल संपलं की गाडी रेस देताना अडखळते. त्यावर उपाय म्हणजे ऑइल भरणं. जेटशी खेळून काही होत नाही.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं जुनं इंजिन याच घराण्यातलं. एमजीबीत पुढचा कार्बोरेटर पहिल्या दोन सिलिंडरांना आणि मागचा उरलेल्या दोघांना पोसतो. म्हणून काम दुहेरी: प्रत्येकाचं मिश्रण बरोबर हवं आणि दोघांनी हवाही सारखी ओढायला हवी.

त्याआधी टॅपेट, प्लग, पॉइंट आणि टायमिंग तपासायचं. यातलं काही चुकलेलं असताना जेट फिरवला, तर एक बिघाड दुसऱ्याखाली झाकला जातो. थ्रॉटलचा स्पिंडल झिजला असेल तर कडेने चोरटी हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. तिथे पाना बाजूला ठेवून आधी स्पिंडल बदलायचा.

मग इंजिन नीट गरम करायचं, एअर फिल्टर काढायचे आणि दोन्ही थ्रॉटलमधला जोड सैल करायचा. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. दोन्हीकडचा फुसकारा सारखा ऐकू येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू जुळवायचे. हवा जुळली की पेट्रोल. जेटखालचा षटकोनी नट वर नेला की मिश्रण लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, खाली आणला की रिच. एका वेळी नट एकाच बाजूएवढा फिरवायचा. पारख करायला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच, वेग लगेच पडला तर लीन. किंचित वाढून पुन्हा जागेवर आला की जमलं. सायलेन्सरही साक्ष देतो: तालात मिसिंग आणि काळपट धूर असेल तर रिच, बेताल, फसफसणारं मिसिंग आणि रंगहीन धूर असेल तर लीन. नट फिरवल्यावर आयडलिंग बदलतं, म्हणून हवा पुन्हा ऐकायची. दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतील असा जोड आवळला की काम संपलं.

या एकाच नटाने आयडलिंगपासून भरधाव वेगापर्यंतचं मिश्रण सरकतं. २०२१ पासून ब्रिटनमध्ये नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेच मिश्रण थोडं लीन पडतं. जुने रबरी पाइप आणि सील इथेनॉलपुढे टिकत नाहीत, ते बदलावेच लागतात. मिश्रणासाठी मात्र नट किंचित खाली आणला की बहुधा भागतं. साठ वर्षांपूर्वीचं यंत्र आजच्या इंधनाशी जुळवून घेऊ शकतं, कारण ते बनवणाऱ्यांनी शेवटचा निर्णय पाना हातात असलेल्या माणसावर सोडला होता.