हौशी कारागिराचा हस्तलेसर

घरच्या घरी रेडिओसंच जोडणारे, दुर्बिणीचे आरसे स्वहस्ते घासून तयार करणारे हौशी लोक जगात सर्वत्र आढळतात. गेल्या काही दशकांत त्यांच्यामध्ये एका नव्या छंदाच्या माणसांची भर पडली आहे. हे लोक हातात मावणारे लेसर बनवितात. अमेरिकेत व इतर अनेक देशांत असे कारागीर आहेत. स्वतः बनविलेला लेसर समव्यसनी माणसास विकणे, किंवा त्याच्या मागणीबरहुकूम नवा बनवून देणे, हे त्यांच्यात नित्याचे आहे. व्यवहार साधा दिसतो. परंतु रेडिओसंच सदोष निघाल्यास फार तर पैसे वाया जातात, लेसरसंबंधी एक आकडा चुकीचा सांगितला गेल्यास मात्र माणसाची दृष्टी जाऊ शकते. म्हणून हा आकडा कोणता व तो कसा ठरवावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लहानसा स्फटिक, प्रखर किरण

लेसरच्या मुळाशी असलेली उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली. तिच्या आधारे पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथील प्रयोगशाळेत चालवून दाखविला. त्यात माणकाची कांडी वापरली होती. पुढे दोनच वर्षांत, १९६२ मध्ये, अर्धवाहक पदार्थाच्या इवल्याशा तुकड्यातून लेसरकिरण मिळविण्यात यश आले. हाच लेसर डायोड होय. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा या तुकड्यामुळे लेसर प्रयोगशाळेतून घरगुती उपकरणांत आला. डीव्हीडी लिहिणाऱ्या यंत्रांतून तांबडे डायोड मिळू लागले, ब्लू-रे यंत्रांतून जांभळे मिळू लागले, आणि २०१० च्या सुमारास चित्रप्रक्षेपकांतून ४४५ नॅनोमीटर तरंगलांबीचे शक्तिमान निळे डायोड हौशी लोकांच्या हाती आले. ज्या छंदात पूर्वी काही मिलिवॅटची भाषा होती, तेथे एका वॅटची, म्हणजे १,००० मिलिवॅटची भाषा सुरू झाली.

असा हस्तलेसर बनविण्याची रीत थोडक्यात अशी आहे. डायोड तांब्याच्या वा पितळेच्या लहान नळीत घट्ट दाबून बसवितात; कारण चालताना तो बराच तापतो आणि ही उष्णता बाहेर नेली नाही, तर तो लवकर निकामी होतो. डायोडला ठरावीक विद्युतप्रवाहच मिळावा म्हणून विद्युतघट व डायोड यांच्यामध्ये प्रवाहनियामक मंडल ठेवतात. पुढे किरण समांतर करणारे भिंग येते. ही सर्व सामग्री लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात बसवितात. या नळकांड्याच्या घडणीत कारागिराचे कसब दिसते आणि पाहणाऱ्यास त्याचाच मोह पडतो. परंतु विकत घेणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न नळकांड्याविषयीचा नसावा. या किरणाची तरंगलांबी किती आणि शक्ती किती, हा तो प्रश्न होय.

तेज म्हणजे शक्ती नव्हे

ज्याचा ठिपका अधिक तेजस्वी, तो लेसर अधिक शक्तिमान, असे कोणासही वाटेल. हा समज चुकीचा आहे. मानवी डोळा सर्व रंगांस सारखा संवेदनक्षम नसतो. उजेडात तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशास सर्वाधिक प्रतिसाद देतो. त्यामुळे सारख्याच शक्तीचे दोन किरण घेतले, तर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या किरणापेक्षा सुमारे आठपट तेजस्वी भासतो. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा किरण तर अगदीच मंद वाटतो. परंतु डोळ्यात जाणारी ऊर्जा त्या मंदपणामुळे कमी होत नाही.

हिरव्या लेसरमध्ये आणखी एक धोका दडलेला असतो. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये सामान्यतः हिरवा डायोड नसतो. त्यात ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश देणारा डायोड असतो. तो प्रकाश एका स्फटिकास उत्तेजित करतो आणि त्यातून १०६४ नॅनोमीटरचा, पुन्हा अदृश्यच, किरण निघतो. दुसरा स्फटिक या किरणाची तरंगलांबी निम्मी करतो, तेव्हा कोठे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मिळतो. स्फटिक नीट जुळलेले नसले, तर हिरवा प्रकाश फिका पडतो. परंतु मागील अवरक्त प्रकाश तसाच वाहत राहतो. तो अडविणारी गाळणी बसविलेली नसेल, तर तो थेट बाहेर पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २०१० साली १० मिलिवॅट म्हणून विकले जाणारे काही हिरवे पॉइंटर तपासले. त्यांपैकी एकाचा हिरवा प्रकाश मंद होता. पण त्यातून जवळजवळ २० मिलिवॅट अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. याच संस्थेने २०१३ साली १२२ पॉइंटरांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के व तांबड्यांपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर नियमांत बसत नव्हते.

डोळ्यात काय घडते

दिव्याचा प्रकाश चोहोकडे पसरतो, त्यामुळे त्याचा अल्पसा अंशच बाहुलीत शिरतो. लेसरचा बारीक किरण मात्र संपूर्णपणे बाहुलीतून आत जाऊ शकतो. डोळ्याचे भिंग त्यास दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत एकवटते. बाहुलीपाशी असलेल्या तीव्रतेच्या तुलनेत तेथील तीव्रता सुमारे एक लाखपट होऊ शकते. प्रखर प्रकाश पडताच पापणी आपोआप मिटते. त्यास सुमारे पाव सेकंद लागतो. एक मिलिवॅटपर्यंतच्या दृश्य किरणास एवढे संरक्षण पुरते, म्हणून त्यास दुसऱ्या वर्गात घालतात. पाच मिलिवॅटपर्यंतचे लेसर ३-आर, ५०० मिलिवॅटपर्यंतचे ३-बी आणि त्यापुढील चौथ्या वर्गात येतात. ३-बी वर्गाच्या किरणासमोर पापणी मिटेपर्यंत इजा होऊन जाऊ शकते. चौथ्या वर्गाच्या किरणाचा भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणेही घातक ठरते. अवरक्त प्रकाश तर दिसतच नाही, मग पापणी मिटणार कशी? दृष्टिपटल जळताना वेदना होत नाहीत, आणि मध्यभागी पडलेला डाग बहुधा कायमचा राहतो.

आकडा कसा मोजावा

किराणा दुकानात तराजू गिऱ्हाइकासमोर असतो. लेसरच्या व्यवहारात तो बहुधा विकणाऱ्याच्याच घरी असतो. हा तराजू म्हणजे औष्णिक शक्तिमापक. त्याच्या काळ्या पृष्ठावर किरण पडला की ते तापते आणि तापयुग्मांच्या मालिकेत निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावरून शक्ती कळते. काटा स्थिरावण्यास काही सेकंद द्यावे लागतात. आरंभीचा क्षणिक उच्चांक सांगणे म्हणजे दांडी मारण्यासारखेच आहे, कारण डायोड तापत जातो तशी त्याची शक्ती घटते. म्हणून आरंभी किती व एक-दोन मिनिटांनंतर किती, हे दोन्ही आकडे द्यावेत. हिरव्या लेसरचे मापन अवरक्त गाळणी लावून व ती काढून असे दोनदा करावे. दोहोंतील फरकावरून लपलेल्या प्रकाशाचा अंदाज येतो. विद्युतप्रवाह किती, सलग किती वेळ चालवावा, भिंग कोणते आणि किरण किती पसरतो, हेही लेखी असावे. पसरण एक मिलिरेडियन असेल, तर एक किलोमीटरवर ठिपका सुमारे एक मीटर रुंदीचा होतो.

लेसरसोबत योग्य संरक्षक चष्मा असणे आवश्यक आहे. त्याची प्रकाशीय घनता चार असेल, तर त्यातून दहा हजारांश भागच पलीकडे जातो. म्हणजे एक वॅटचा किरण ०.१ मिलिवॅट उरतो. मात्र चष्मा तरंगलांबीनुसार निवडावा लागतो. निळा किरण अडविणारा नारिंगी चष्मा तांबड्या किरणापुढे व्यर्थ ठरतो. म्हणजे चष्म्याची निवडदेखील विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यांवरच अवलंबून असते.

कायद्यानेही या गोष्टींची दखल घेतली आहे. अमेरिकेत पॉइंटर म्हणून विकावयाच्या लेसरची मर्यादा ५ मिलिवॅट आहे. ३-बी व चौथ्या वर्गाच्या लेसरला किल्ली, सूचक दिवा व किरण अडविणारी झडप असावी लागते. विक्रीसाठी लेसर जोडणे हा ज्याचा व्यवसाय झाला, तो कारखानदार नसला तरी कायद्याच्या दृष्टीने निर्माता ठरतो. विमानावर लेसर रोखणे हा तेथे २०१२ पासून केंद्रीय गुन्हा असून, त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. ऑस्ट्रेलियाने २००८ साली एक मिलिवॅटपेक्षा शक्तिमान पॉइंटरांच्या आयातीवर निर्बंध घातले.

हौशी लोकांचा व्यवहार परस्परविश्वासावर चालतो. घेणारा जाणकार आहे, त्यास सर्व ठाऊक असणार, असे विकणाऱ्यास सहज वाटते. परंतु शक्ती डोळ्यांनी ओळखता येत नाही, मग घेणारा कितीही जाणकार असो. त्यातच असा लेसर एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतो, आणि तिसऱ्या हातात तो एखाद्या लहान मुलाचाही असू शकतो. अशा वेळी मूळ कारागीर जवळ नसतो. नळकांड्यावर त्याने चिकटविलेली चिठ्ठी तेवढी असते. तिच्यावरील आकडा खरा असेल, तरच त्या कारागिराचे काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.