आधी पवित्रा, मग लाठी!

बालमित्रांनो, तांब्यातलं पाणी सांडणारा, लेझीम खेळताना पाऊल चुकणारा एखादा मित्र तुमच्या वर्गात असेल. त्याला 'वेंधळा' म्हणून चिडवू नका. तो मुद्दाम करत नाही बरं का!

'एडीडी' म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हातापायांचा मेळ साधणंही जड जातं. 'हॅरी पॉटर' साकारणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफलाही हा मेळ साधण्याची अडचण आहे. बुटाची नाडी बांधताना तो अडखळतो, हे २००८ साली जगाला कळलं.

मग उपाय? आपल्या कोल्हापुरात मर्दानी खेळाचे वस्ताद आधी पवित्रा घोटवून घेतात, मग लाठी हातात देतात. पालकहो, घरीही तसंच करा. एका वेळी एकच कृती, रोज थोडा सराव. रागावलात तर मूल आणखी गडबडतं. अडचण जास्त वाटली, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.