कुत्र्यासाठी जीपीएस ट्रॅकर घेताय? आधी विचारा, त्यात सिम कोणतं चालतं

२०२३ च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठच्या सुमारास आमचा बंड्या पळाला. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. शेजारच्या सोसायटीत हजाराची माळ लागली, त्याच क्षणी ताई फराळाचं ताट घेऊन दारातून आत येत होती आणि बंड्या तिच्या पायांमधून जिन्यात. मी खाली पोहोचेपर्यंत रस्त्यावर फक्त धूर.

आई गॅलरीतून ओरडत होती, "अरे, त्या मोबाईलमध्ये बघ ना कुठंय तो! गळ्यात जीपीएस आहे ना त्याच्या?"

आणि मला तेव्हा, रस्त्यावर उभा असताना, लक्षात आलं की नाहीये. त्याच्या पट्ट्यात होता एअरटॅग, ताईच्या आयफोनला जोडलेला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंजिनिअरिंगची डिग्री आहे, आणि तरी घरात आम्ही सगळेच त्या टॅगला "जीपीएस" म्हणत होतो. रात्री ९:४० ला नकाशावर एक ठिपका दिसला, नवले पुलाजवळच्या सर्व्हिस रोडवर. पुण्यातल्या लोकांना नवले पूल म्हटलं की पोटात गोळा का येतो ते सांगायला नको. आम्ही तिथं गेलो, तर कुत्रा नाही. त्यानंतर ठिपका नऊ तास तसाच, तिथंच.

सकाळी ६:३५ ला तो ठिपका अचानक नऱ्ह्याच्या गोडाऊनच्या गल्लीत उडी मारून गेला. बंड्या एका टेम्पोखाली बसला होता. पायाला थोडं खरचटलेलं, बाकी ठीक.

म्हणजे टॅगने काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मधले नऊ तास तो गप्प का होता, हे एकदा समजलं की कोणता ट्रॅकर घ्यायचा हा प्रश्न निम्मा सुटतो.

टॅग आणि जीपीएस ट्रॅकर, दोन्ही वेगळे

एअरटॅग, सॅमसंगचा स्मार्टटॅग, जिओटॅग ही सगळी ब्लूटूथ टॅग मंडळी. यांच्यात जीपीएस नसतं आणि सिमही नसतं. टॅग फक्त ब्लूटूथवर "मी इथं आहे" असं ओरडत असतो. जवळून एखादा फोन गेला की तो फोन ते ऐकतो आणि *स्वतःचं* लोकेशन गुपचूप सर्व्हरला कळवतो. तेच तुम्हाला नकाशावर दिसतं. म्हणजे तुमच्या कुत्र्याचं नव्हे, तर त्याच्या जवळून गेलेल्या फोनचं लोकेशन.

आता दिवाळीच्या रात्री बंद गोडाऊनच्या गल्लीत कोणाचा आयफोन असणार? म्हणून नऊ तास शांतता. सकाळी कोणीतरी आयफोनवाला तिथून गेला असणार, बस.

अँड्रॉइडवाल्यांसाठी गुगलने २०२४ मध्ये असंच नेटवर्क सुरू केलं. आपल्याकडे अँड्रॉइड फोन जास्त, म्हणजे हे भारी चालेल असं वाटतं. पण त्यात एक मेख आहे. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बहुतेक फोन फक्त वर्दळीच्या जागीच मदत करतात, म्हणजे एकाच टॅगला अनेक फोनांनी पाहिलं तर. प्रायव्हसीसाठी हे चांगलंच आहे, पण कुत्रा घाबरला की वर्दळीकडे जात नाही, तो कोपरा शोधतो.

टॅगचे आणखी दोन त्रास. कोणी गुपचूप दुसऱ्याचा पाठलाग करू नये म्हणून एअरटॅग मालकाच्या फोनपासून ८ ते २४ तास दूर राहिला की हलवल्यावर वाजायला लागतो. तुम्ही गावाला गेलात आणि कुत्रा मित्राकडे ठेवलात, की त्याच्या गळ्यात टुंग-टुंग सुरू आणि मित्राच्या फोनवर "एक अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय" असा इशारा. दुसरं म्हणजे आत सीआर२०३२ नावाची बटण बॅटरी असते. कुत्र्याने टॅग चावून ती गिळली तर अन्ननलिका भाजू शकते, थेट डॉक्टरकडेच पळावं लागतं. अ‍ॅपलनेही हा टॅग वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही, असं २०२१ मध्ये तो आणतानाच सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते सोयीस्करपणे विसरून पट्ट्याला लावलं.

जाता जाता मायक्रोचिपचंही सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. डॉक्टर कातडीखाली बसवतात ती चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं आधार कार्ड समजा. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर अगदी जवळ धरला तर १५ अंकी नंबर दिसतो, एवढंच. ती जरूर बसवा, पण तिने कुत्रा *शोधता* येत नाही.

जीपीएस फक्त ऐकतं

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतात आणि सतत "आत्ता इतके वाजलेत, मी इथं आहे" एवढंच सांगत राहतात. ट्रॅकरमधली चिप किमान चार उपग्रहांचं ऐकते आणि सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून आपली जागा काढते. चार का? तीन आकडे जागेसाठी आणि चौथा स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक दुरुस्त करायला.

पण उपग्रहाला तुमच्या कुत्र्याबद्दल काहीही माहीत नसतं. रेडिओ ऐकताना आकाशवाणीला कळतं का, कोण ऐकतंय ते? तसंच. चिपला जागा कळली, ती तुमच्या फोनपर्यंत पोहोचवायला वेगळं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे मोबाईल नेटवर्क. जाहिरातीत उपग्रहाचं मोठं चित्र असतं, पण पट्टा चालणार की नाही हे ठरतं आतल्या छोट्या सिमवर.

इथं मी स्वतः आपटलो. दिवाळीनंतर मी ऑनलाइन एक स्वस्तातला ट्रॅकर मागवला. घरात एक जादा सिम पडलं होतं, ते घातलं. लाल दिवा लुकलुक करत राहिला. कस्टमर केअरने तीन वेळा रीस्टार्ट करायला सांगितलं. दोन दिवसांनी मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: "जीएसएम". म्हणजे ट्रॅकर २जी आणि सिम फक्त ४जी नेटवर्कचं. दोघांची भाषाच वेगळी.

हे पाठच करून ठेवा. जिओकडे २जी नाहीच, पहिल्या दिवसापासून ते ४जी आहे. एअरटेल आणि व्हीआयचं २जी चालू आहे. त्यामुळे २जी ट्रॅकर घेतलात तर जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही. आणि माझं मत विचाराल तर आज नवीन घेताना २जी घेऊच नका, ४जी घ्या.

४जी लिहिलंय म्हणून लगेच ऑर्डर मारू नका. बँड बघा. भारतात जिओ बँड ३, ५ आणि ४० वर आहे, एअरटेल १, ३, ८, ४० वर, व्हीआय १, ३, ८, ४१ वर. किमान बँड ३ आणि ४०, आणि शक्य तर ५ किंवा ८ सुद्धा ट्रॅकरमध्ये हवेत. ५ आणि ८ कमी फ्रिक्वेन्सीचे आहेत, ते भिंतींच्या आत आणि लांबवर जास्त चांगले पोहोचतात. अमेरिकेतून येणाऱ्या मावसभावाला पट्टा आणायला सांगायचा विचार असेल तर थांबा. तिकडचे काही पट्टे, उदाहरणार्थ फाय कंपनीचे, एलटीई-एम नावाच्या वेगळ्या प्रकारावर चालतात. आपलं साधं सिम तिथं उपयोगाचं नाही.

काही ट्रॅकरमध्ये सिम आधीच बसवलेलं असतं, १३ अंकी नंबरचं. याला एमटूएम सिम म्हणतात, यंत्राने यंत्राशी बोलायचं. सोय छान आहे, केवायसीची कटकट आपल्या डोक्याला नाही. पण रिचार्ज त्या कंपनीकडूनच करावा लागतो. म्हणून किंमत बघताना पहिल्या वर्षाची बघू नका, तीन वर्षांच्या वर्गणीसकट बेरीज करा. आणि कंपनी बंद पडली तर पट्टा म्हणजे नुसता प्लास्टिकचा डबा, हेही मनात धरा.

बॅटरी की ठिपका

जाहिरातीत "१५ दिवस बॅटरी" आणि "दर १० सेकंदांनी लोकेशन" शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. दोन्ही खरं असतं, पण एकाच वेळी नाही.

हिशोब करू. समजा पट्ट्यात ५०० एमएएचची बॅटरी आहे. दर दहा मिनिटांनी लोकेशन पाठवताना सरासरी ५ मिलिअँपिअर खर्च होतो असं धरलं, तर १०० तास चालेल, म्हणजे चार दिवस. लाइव्ह मोडला सरासरी ५० मिलिअँपिअर लागले, तर १० तासांत संपली. नेटवर्क कमी असेल तर ट्रॅकर टॉवर शोधण्यातच जास्त चार्ज खातो, फोन खातो तसा.

आता दुसरी बाजू. घाबरलेला कुत्रा ताशी २० किलोमीटरने पळतोय असं धरा. एका मिनिटात ३३० मीटर, दहा मिनिटांत तीन किलोमीटरहून जास्त. तो सरळ रेषेत पळणार नाही हे खरं, पण धायरीहून नवले पूल किती लांब आहे? दहा मिनिटांनी येणारा ठिपका त्या रात्री मला फार उपयोगी पडला नसता.

त्यामुळे मी एकच गोष्ट बघतो: एरवी झोपून राहणारा ट्रॅकर ॲपमधून एका बटणावर लाइव्ह मोडला जातो का, आणि जायला किती वेळ लागतो. काही ट्रॅकर पुढच्या ठरलेल्या वेळेलाच जागे होतात, तोपर्यंत तुमचा हुकूम सर्व्हरवर पडून. घरच्या वायफायच्या टापूत असताना जीपीएस बंद ठेवणारा ट्रॅकर मिळाला तर उत्तम, कारण आपला कुत्रा दिवसातले वीस तास सोफ्यावरच असतो.

मिळाल्यावर पहिल्या दोन दिवसांत

परत करायची मुदत संपायच्या आत पट्टा कुत्र्याला नाही, स्वतःच्या खिशात घालून फिरा. मोकळ्या मैदानात जागा पाच-दहा मीटरच्या आत यायला हवी. मग उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत जा. तिथं सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या इमारतीवर दिसतो. हे सगळ्यांचंच होतं, फक्त किती होतं ते माहीत असू द्या. मग बेसमेंट पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभे राहा आणि बाहेर या. आकाश दिसल्यावर पहिला ठिपका यायला किती वेळ लागला ते मोजा. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट वेगाने पाठवतात, आणि नेमकी कक्षा सांगणारा भाग ३० सेकंदांनी पुन्हा येतो. म्हणून नेटवर्कवरून ही माहिती आधीच उतरवणारे ट्रॅकर लवकर जागे होतात.

भोरच्या आमच्या गावी मी हे करून पाहिलं. घाटात रेंज गेली, ॲपमध्ये बंड्या अर्धा तास एकाच झाडाखाली "बसलेला", प्रत्यक्षात माझ्या पायाशी. रेंज आल्यावर मधले सगळे ठिपके एकदम उमटले, म्हणजे ट्रॅकर जागा साठवून ठेवत होता. हे तुमचा करतो का ते बघा. आणि नकाशा बघताना ठिपक्याआधी शेजारची *वेळ* वाचायची सवय लावा.

पावसाळ्यासाठी आयपी६७ तरी हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पोमेरेनियनसारखा तीन किलोचा कुत्रा असेल तर ट्रॅकरचं वजन बघा. मोठ्या कुत्र्यासाठी बनवलेला डबा त्याच्या मानेला लोढणं होतो.

आणि पासवर्ड बदला, प्लीज. २०१९ मध्ये अव्हास्टच्या संशोधकांना चीनमध्ये बनलेले सुमारे ६ लाख ट्रॅकर सापडले, ज्यांचा पासवर्ड कंपनीतूनच १२३४५६ ठेवलेला होता. कुत्रा कधी फिरायला जातो हे कळलं, की तुम्ही घरी कधी नसता हेही कळतं.

बंड्याच्या गळ्यात आता ४जीचा ट्रॅकर आहे, टॅगही काढलेला नाही, चावता येणार नाही अशा घट्ट कव्हरात आहे. शिवाय पट्ट्यावर पितळेची पट्टी, तिच्यावर ताईचा नंबर. ही पट्टी त्या रात्री असती तर कदाचित गोडाऊनच्या वॉचमननेच फोन केला असता. सकाळी त्यानेच सांगितलं, "रात्री अकरापासून इथंच होता की. कोणाचा आहे कळेना."